तरीवरचा पब

इंग्लंडच्या नकाशात उजव्या हाताला एक फुगवटा समुद्रात घुसलेला दिसतो. तिथे नॉर्फोक आणि सफोक हे दोन परगणे आहेत. दोन्हींच्या सीमेवर सगळा सपाट, दलदलीचा मुलूख, आणि त्यातून ब्युअर, अँट, थर्न, यार, वेव्हनी अशा संथ नद्या वाहतात. या नद्यांच्या अंगाखांद्यावर साठेक उथळ तळी आहेत. तळ्याला तिथे ‘ब्रॉड’ म्हणतात, म्हणून मुलखाचे नाव ‘द ब्रॉड्स’. नद्या आणि तळी मिळून जवळजवळ दोनशे किलोमीटरचा जलमार्ग होतो. पाणी संथ, चढउतार नाही, त्यामुळे ज्याने जन्मात सुकाणू धरलेले नाही असा माणूससुद्धा आठवडाभर बोट भाड्याने घेतो आणि बायकामुलांसह तिच्यातच राहतो. दिवसभर फिरायचे आणि संध्याकाळी काठावरच्या एखाद्या पबाच्या धक्क्याला दोर बांधून जेवायला उतरायचे. दीडशे वर्षांच्या आसपास हा प्रकार चालला आहे.

आज या काठावरच्या पबांबद्दल लिहायचे आहे. नेहमीचे वाचक म्हणतील, बाईंना म्हातारपणी हे काय सुचले? कारण घरचेच आहे. माझ्या भावाचा मुलगा आणि सून नॉर्विचला असतात. दोघांच्याही मनात आले आहे की नोकऱ्या सोडाव्यात आणि नदीकाठचा एखादा पब चालवायला घ्यावा. या बातमीने आमच्या घरात सरळ दोन तट पडले. एक म्हणतो, ‘सात पिढ्यांत कुणी दारूचा धंदा केला नाही.’ दुसरा म्हणतो, ‘वा, आम्ही मे महिन्यात राहायला येणार.’ भाच्याने मला फोनवर विचारले, ‘आत्या, तू आयुष्यभर इतिहास शिकवलास, या धंद्याचा इतिहास काय म्हणतो ते सांग.’ २०१९ साली मी त्यांच्याकडे राहून आले होते, तेव्हा थोडे डोळ्यांनी पाहिले होते. बाकीचे आता वाचून काढले. दोन्ही तटांनी वाचावे.

आधी पाण्याची गोष्ट, कारण ती मला स्वतःला फार आवडली. ही तळी निसर्गाने केली असेच सगळे शेकडो वर्षे धरून चालले होते. १९५० च्या दशकात जॉइस लँबर्ट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तळ्यांच्या काठाशी ओळीने भोके पाडून तळची माती तपासली. तेव्हा दिसले की काठ भिंतीसारखे उभे आहेत, तळ सपाट आहे, आणि मधेमधे न खणता सोडलेले बांध आहेत. निसर्ग असे कोन करून खणत नाही! १९६० साली इतिहास आणि भूगोलाच्या अभ्यासकांबरोबर त्यांचे संशोधन ग्रंथरूपाने आले आणि वाद मिटला. ही तळी म्हणजे मध्ययुगातल्या खाणी होत्या. कशाच्या? तर ‘पीट’च्या. दलदलीत शतकानुशतके कुजलेल्या वनस्पतींचा थर असतो, त्याच्या विटा कापून वाळवल्या की आपल्या गोवऱ्यांसारख्या जळतात. लाकूड महाग, माणसे पुष्कळ, थंडी कडक. बाराव्या ते चौदाव्या शतकात गावेच्या गावे हा धंदा करत होती आणि नॉर्विचच्या कॅथीड्रलचा मुदपाकखाना याच विटांवर चालत होता. मग समुद्राची पातळी वाढत गेली. १२८७ च्या डिसेंबरात मोठा उधाणाचा पूर आला, हिकलिंग गावी दीडशेच्या वर माणसे बुडाली. खड्ड्यांत पाणी भरत राहिले आणि हळूहळू खणणे परवडेनासे झाले. धंदा बुडाला आणि तळी उरली.

म्हणजे आजचे पर्यटक ज्या पाण्यावर तरंगतात, ते एका बुडालेल्या धंद्यावरचे पाणी आहे. भाच्या, हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

आता पब. आपल्याकडे हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर झगमगीत दिवे आणि पुण्या-मुंबईची बिघडलेली पोरे येतात. मूळ शब्द ‘पब्लिक हाउस’, सार्वजनिक घर. गावात चर्च आणि पब ही दोनच ठिकाणे अशी की जिथे कुणीही आत जाऊन बसावे. न्यायाधीशाची मृत्यूची चौकशी, लिलाव, शेतकऱ्यांची बैठक, मजुरीचे वाटप, सगळे तिथे होई. दारू होतीच, ती नाकारत नाही. पण आपला पार, धर्मशाळा आणि खानावळ एका छपराखाली आणली तर जे होईल, त्याच्या जवळपासचे ते काहीतरी आहे.

नदीकाठच्या पबांची नावे वाचली की आणखी एक गोष्ट कळते. हॉर्निंगचा ‘फेरी इन’, स्टोक्सबीचा ‘फेरी इन’, रीडहॅमचा ‘फेरी इन’, सर्लिंगहॅमचा ‘फेरी हाउस’. फेरी म्हणजे आपली तर. कोकणातल्या जुन्या माणसांना शब्द नवा नाही, खाडीच्या दोन काठांवर ‘तर’ असे आणि तरीवर चहाची एखादी टपरी असे. इथेही तेच. जिथे रस्ता नदीशी येऊन थांबे तिथे तर, आणि तरवाल्याचे घर हाच पब. पलीकडच्या काठावरून कुणी हाक मारली की हातातले काम टाकून जायचे, माणूस नाहीतर घोडागाडी अलीकडे आणायची, आणि तो भिजलेला असला तर शेकोटीशी बसवायचा. शिवाय बहुतेकांचे गवताचे रान, दोन गाई, लव्हाळी कापण्याचा हक्क, ईल मासे धरायची जाळी असे काहीबाही असे. निव्वळ बिअर विकून जगणारा तरवाला त्या काळात सापडणे कठीण.

यातली रीडहॅमची तर अजून चालू आहे. साखळीवर ओढली जाणारी, एका वेळी दोन-तीन मोटारी नेणारी. नॉर्विच आणि ग्रेट यार्मथ यांच्या मधे यार नदी मोटारीने ओलांडायची ती एकमेव जागा. तर आणि तिच्याशेजारचा पब १९५० च्या सुमारापासून एकाच कुटुंबाकडे आहेत. मी गेले होते तेव्हा पलीकडे जायला पाच मिनिटेही लागली नाहीत. गंमत म्हणजे उतरल्यावर लोक पुढे जाण्याऐवजी बागेत बसून दुसऱ्यांच्या मोटारी पलीकडे जाताना बघत होते. मीही अर्धा तास बघत बसले, संत्र्याचा रस घेऊन. (पहिल्या तटाने नोंद घ्यावी.)

नदीवरचे दुसरे गिऱ्हाईक म्हणजे ‘व्हेरी’ बोटींचे खलाशी. व्हेरी म्हणजे एकाच मोठ्या काळ्या शिडाची मालवाहू बोट, आपल्याकडचे मचवे-पडाव आठवा. कोळसा, धान्य, विटा, लाकूड, लव्हाळी, हिवाळ्यात बर्फसुद्धा, सगळे व्हेरीने जाई. दोन माणसे ती चालवीत. वारा पडला की बांबूने ढकलत न्यायची, भरती उलटी असली की थांबायचे. थांबायचे कुठे? पबाच्या धक्क्याला.

१८४४ साली नॉर्विच ते यार्मथ रेल्वे सुरू झाली आणि व्हेरीच्या मालाला गळती लागली. १८७४ मध्ये दुसरा फाटा रॉक्सहॅमला पोचला. आता कुणालाही वाटेल की नदीकाठचे पब संपले. झाले उलटेच. ज्या रेल्वेने माल पळवला तिनेच माणसे आणून सोडली. नॉर्विचमधल्या जॉन लॉइन्स नावाच्या सुताराने लहान शिडाच्या बोटी बांधून भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि नंतर रॉक्सहॅमला स्टेशनाजवळ आपले ठाणे हलवले. भाड्याच्या बोटींच्या धंद्याची सुरुवात साधारण तिथून धरतात. व्हेरीवाल्यांनीही डोके लढवले. उन्हाळ्यात मालाची कोठी धुऊन काढायची, आत बिछाने टाकायचे, पडदे लावायचे, एखादा पियानो चढवायचा, आणि लंडनच्या कुटुंबाला आठवडाभर फिरवायचे. सप्टेंबर संपला की पियानो उतरवून पुन्हा कोळसा!

या गर्दीला वाट दाखवणारी पुस्तकेही निघाली. जॉर्ज ख्रिस्टोफर डेव्हिस यांची ब्रॉड्सच्या नद्यांवरची मार्गदर्शिका १८८२ ची, तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. १८८६ मध्ये पीटर हेन्री इमर्सन यांनी चित्रकार गुडॉल यांच्यासह इथल्या कष्टकऱ्यांच्या छायाचित्रांचा ग्रंथ काढला. त्यातली लव्हाळी कापणारी, गुडघाभर चिखलात उभी माणसे पाहिली की वाटते, ही माणसे सुट्टीवाल्यांकडे कोणत्या नजरेने बघत असतील? त्यांच्यातल्याच कुणी मग बोट हाकायला, कुणी अंडी-दूध विकायला, कुणी पबात भांडी घासायला सुरुवात केली असणार.

रॉक्सहॅमला रॉय बंधूंचे दुकान हे याच काळातले. १८९५ साली शेजारच्या कोल्टिशॉलमध्ये त्यांनी लहानसे दुकान काढले आणि पुढे रॉक्सहॅमच्या पुलापाशी पसारा मांडला. बोटीच्या सुट्टीवर येणाऱ्याने आधी पत्राने यादी पाठवायची आणि येईपर्यंत किराणा बोटीत भरून तयार. ‘जगातले सर्वांत मोठे खेडेगावातले दुकान’ अशी त्यांची जाहिरात असे. १९०८ मध्ये हॅरी ब्लेक यांनी बोटमालकांच्या वतीने आरक्षण घेणारी एजन्सी काढली. आता बोट कुणाची, गिऱ्हाईक कुणाचे आणि पैसा कुणाच्या हातून जातो, या तीन गोष्टी वेगळ्या झाल्या. पबवाला या साखळीत सगळ्यात शेवटी उभा. त्याच्या दारी किती बोटी येणार हे त्याच्या हातात कधीच नव्हते, तेव्हाही नाही आणि आताही नाही.

पण एक गोष्ट त्याच्या बाजूने होती. भाड्याची बोट अंधारात चालवायची परवानगी नसते, दिवस मावळायच्या आत कुठेतरी बांधावीच लागते. वेगही तासाला तीन ते सहा मैलांच्या मर्यादेत, म्हणजे पायी माणसापेक्षा थोडा जास्त. मग ज्या धक्क्याला बोट लागली तिथलेच जेवण, दुसरीकडे जाणार कसे? सुट्टी बहुतेक शनिवारी दुपारी सुरू होते. नवीन मंडळी बोट ताब्यात घेतात, धडपडत दोन तास चालवतात आणि अंधार व्हायच्या आत पहिले मोठे गाव गाठतात. रॉक्सहॅमहून निघाले तर ते गाव हॉर्निंग. तिथे ब्युअर नदी वळण घेते आणि ऐन वळणावर ‘स्वान इन’ उभा. मी पाहिले तेव्हा लहान लहान बोटी दोरांच्या गुंत्यात, वडील मंडळी घामाघूम, आणि बागेतली माणसे मजा बघत होती. भाच्याने सांगितले की धक्का बांधल्याचे पैसे पुष्कळ पब घेतात आणि जेवलात तर बिलातून वजा करतात. हुशार कल्पना आहे.

या हिशोबाची दुसरी बाजू हिवाळा. ईस्टर ते ऑक्टोबर एवढाच हंगाम, त्यातही खरी कमाई शाळांच्या सुट्टीची. नोव्हेंबर ते मार्च गावातले पंधरा-वीस लोक आणि एखादा मासे धरणारा. छप्पर तेच, थंडी वाढलेली, स्वयंपाक्याला पगार द्यायचाच. आमच्या गावच्या यात्रेत हलवाई आठ दिवसांत वर्षाचे कमावतो असे म्हणत, पण हलवाई यात्रा संपली की पाल गुंडाळून दुसऱ्या गावी जातो. पबाला ती सोय नाही.

वर सरकारचे नियम. १९०८ च्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना दारूच्या खोलीत यायला बंदी झाली. काठावरच्या पबांना बागा होत्या म्हणून ते तगले, आईबाप आणि मुले हिरवळीवर बसत. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यातला कामगार शुद्धीत राहावा म्हणून दुपारी पब बंद ठेवायचा नियम आला. युद्ध १९१८ ला संपले, नियम १९८८ पर्यंत राहिला! सत्तर वर्षे बोटीवरचे लोक ऐन दुपारी, भर उन्हाळ्यात, बंद दारासमोर उभे राहत होते. सरकारी नियम कसा चिकटतो हे मी नोकरीत असताना पुष्कळ पाहिले आहे, त्यामुळे नवल वाटले नाही.

दोन युद्धांच्या मधल्या काळात इंजिनाच्या बोटी वाढल्या आणि शांतता गेली. आर्थर रॅन्सम यांची मुलांसाठीची ‘कूट क्लब’ ही कादंबरी १९३४ ची आहे. हॉर्निंगचा एक मुलगा पक्ष्याचे घरटे वाचवण्यासाठी गोंगाट करणाऱ्या एका मोटारबोटीचा दोर सोडून देतो आणि त्यातून गोष्ट सुरू होते. पर्यटक आणि गाव यांच्यातले भांडण इतके जुने आहे. त्यात पबवाला नेहमी अवघड जागी सापडतो, कारण शेजारी घरटी वाचवणारे आणि गिऱ्हाईक गोंगाट करणारे.

दुसऱ्या महायुद्धात सुट्ट्या थांबल्या. शत्रूची पाण्यावर उतरणारी विमाने येऊ नयेत म्हणून मोठ्या तळ्यांमध्ये बोटी आडव्या बांधून ठेवल्या होत्या. २६ एप्रिल १९४१ च्या रात्री हॉर्निंगच्या फेरी इनवर बॉम्ब पडला, वीसच्या वर माणसे जागच्या जागी गेली. शनिवार होता, त्यामुळे पब भरलेला. पुढे तिथे पुन्हा पब उभा राहिला. मी त्या धक्क्यावरून बोटीने गेले तेव्हा मला यातले काही ठाऊक नव्हते.

युद्धानंतरची तीस-पस्तीस वर्षे भरभराटीची. ओल्टन ब्रॉडचे बंदर-अधिकारी वॉली होझीसन यांनी १९४४ मध्ये, युद्ध संपायच्या आधीच, बोटींच्या आरक्षणाची दुसरी एजन्सी काढली. माणसाची दूरदृष्टी म्हणायची! त्यांचे आणि ब्लेकचे रंगीत माहितीपत्रक नाताळानंतर इंग्लंडभर घरोघर जाई. लाकडाच्या जागी फायबरच्या बोटी आल्या, आत संडास, गॅस, गरम पाणी. १९७० च्या दशकाअखेर भाड्याच्या इंजिनबोटी दोन हजारांच्या वर गेल्या होत्या.

आणि नेमक्या याच काळात पबवाल्याच्या पायाखालची जमीन सरकत होती. इथे भाच्याने कान देऊन ऐकावे. इंग्लंडातले बहुतेक पब चालवणाऱ्याच्या मालकीचे नसतात. इमारत बिअरच्या कारखान्याची. पबवाला कूळ. भाडे द्यायचे आणि बिअर त्याच कारखान्याची, तो म्हणेल त्या भावाने घ्यायची. याला ‘टाय’ म्हणतात, म्हणजे बांधलेला पब. आमच्या पिढीला खंड आणि कूळकायदा समजावून सांगावा लागत नाही, तसलाच प्रकार. नॉर्विचमध्ये बुलार्ड, स्टीवर्ड अँड पॅटेसन असे जुने कारखाने होते आणि नदीकाठचे बहुतेक पब त्यांचेच. मालक निदान त्याच गावातला होता. १९६३ मध्ये लंडनच्या वॉटनी मान कंपनीने हे दोन्ही कारखाने विकत घेतले, हजाराहून अधिक पबांसकट. कमी खपाचे खेड्यांतले पब धडाधड बंद झाले, आणि उरलेल्यांत एकाच चवीची पिंपातली बिअर. लोक इतके वैतागले की १९७१ मध्ये देशभर खऱ्या बिअरसाठी ग्राहकांची चळवळ सुरू झाली. (चव हा आंदोलनाचा विषय होऊ शकतो, यात हसण्यासारखे काही नाही. आपल्याकडे हापूसच्या नावावर दुसरा आंबा विकला तर आपण काय करतो?)

सरकारने १९८९ मध्ये नियम केला की दोन हजारांपेक्षा जास्त पब असलेल्या कारखान्यांनी जास्तीच्या निम्म्यांचे बंधन सोडावे. हेतू चांगला. पण कारखान्यांनी पब विकले आणि ते घेतले नव्या गुंतवणूक कंपन्यांनी. त्या बिअर बनवत नव्हत्या, फक्त भाडे घेत आणि बिअर चढ्या भावाने देत. कुळाचे दैव तेच राहिले, सावकार बदलला. मोठ्या कंपन्यांच्या कुळांना बंधन सोडून निव्वळ बाजारभावाने भाडे मागण्याचा हक्क मिळाला तो २०१६ च्या नियमांनी. मधे पंचवीस वर्षे गेली. त्यात कितीजण बचत घालून बसले असतील! नोकरी सोडून, घर विकून, ‘नदीकाठी आपला छोटासा पब’ असे स्वप्न घेऊन येणारे जोडपे हेच या कंपन्यांचे आवडते गिऱ्हाईक असते, असे वाचताना माझा जीव खालीवर झाला. करारावर सही करण्याआधी तो वकिलाकडून वाचून घे, एवढेच मी फोनवर बोलले. बाकी इथे लिहिते आहे.

पाण्याचेही बरे नव्हते. सांडपाण्यातले फॉस्फेट आणि शेतातली खते नदीत येऊन १९६० च्या दशकापर्यंत बहुतेक तळ्यांचे पाणी गढूळ हिरवे झाले, तळच्या वनस्पती गेल्या, काठची लव्हाळी मागे हटली. मग बोटींच्या लाटांनी उघडे काठ ढासळू लागले. बोटवाले म्हणत शेतकऱ्यांचा दोष, शेतकरी म्हणत बोटींचा. खरे तर दोघेही, आणि संडास वापरणारे शहरातले सगळेच. १९७८ मध्ये ब्रॉड्स प्राधिकरण स्थापन झाले, १९८८ च्या कायद्याने त्याला राष्ट्रीय उद्यानाच्या तोडीचा दर्जा मिळाला. त्याच्याकडे निसर्ग जपणे, लोकांना आनंद घेऊ देणे आणि जलमार्ग चालू ठेवणे अशी तीन कामे आहेत. या तिघांत भांडण ठरलेले. तरी सांडपाण्यातले फॉस्फेट काढणे, बार्टन ब्रॉडमधला गाळ उपसणे अशी चिकाटीची कामे झाली आणि पाणी पुष्कळ सुधारले. मजा अशी की पाणी सुधारेपर्यंत माणसे स्पेनला जाऊ लागली होती. स्वस्त विमानाने ऊन विकत मिळू लागल्यावर भिजत बोट कोण चालवणार? भाड्याच्या बोटी आज हजाराच्या आत आल्या आहेत. कित्येक बोटयार्डांच्या जागी आता सुट्टीची घरे आहेत, आणि आठवड्याच्या बोटीवाल्याइतके ती घरवाली मंडळी रोज पबात जेवत नाहीत.

पबांनी तग धरली ती जेवणावर. १९६७ मध्ये रस्त्यावर श्वासाची तपासणी सुरू झाली, मोटारीने येणाऱ्याला पिण्यावर आवर घालावा लागला. २००७ मध्ये आत धूम्रपान बंद झाले. दोन्ही वेळा लोक म्हणाले पब मेले. पण कुटुंबे येऊ लागली, बायका-मुले येऊ लागली. आमच्या पहिल्या तटाने हे ध्यानात घ्यावे की आज अशा पबात माणूस आधी मासे आणि बटाटे मागवतो, बिअर नंतर.

‘आपल्या माणसाला तिथे चालवू देतील का,’ असे आमच्या वहिनींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. १९६० च्या दशकात मध्य इंग्लंडातल्या पबांत काळ्या-तपकिरी माणसाला आत घेत नसत, किंवा वेगळ्या खोलीत बसवत. स्मेदिकला अवतारसिंग जौहल आणि भारतीय कामगारांच्या संघटनेने त्याविरुद्ध लढा दिला, १९६५ च्या वंशभेदविरोधी कायद्याने सार्वजनिक ठिकाणी हा भेद बेकायदा ठरवला. पुढे त्याच भागातले कित्येक बंद पडायला आलेले पब पंजाबी मंडळींनी चालवायला घेतले, आणि आज तिथला तंदुरी मिसळलेला मेनू खायला गोरे लोक लांबून येतात. नॉर्फोकची वस्ती निराळी आहे, तिथे असे मोठे पाठबळ नाही. तरी वाट पाडणारे पडून गेले आहेत.

शेवटी दोन पबांची गोष्ट सांगते. दोन्ही रस्त्यापासून दूर.

यार आणि वेव्हनी जिथे ब्रेडन वॉटर या विस्तीर्ण पाण्याला मिळतात, तिथे ‘बर्नी आर्म्स’. शेजारी उंच पवनचक्की, भोवती मैलोगणती कुरण, आणि डांबरी रस्ता नाहीच. १८४४ ची रेल्वे ज्यांच्या जमिनीतून गेली त्या थॉमस ट्रेंच बर्नी यांनी स्टेशन कायम ठेवण्याच्या अटीवर जमीन दिली. स्टेशन बांधायचे ठरले होते, गाडी थांबवायचे नाही, असा युक्तिवाद रेल्वेने नंतर केला, असे सांगतात! बोटवाले ब्रेडन ओलांडायला भरतीची वाट बघत इथे थांबत, तेवढ्यावर पब चाले. बोटी निम्म्या झाल्या तशी वाट बघणारेही कमी झाले, आणि २०१० च्या दशकात पब बंद पडला. सिग्नलच्या कामासाठी २०१८ ते २०२० रेल्वेही थांबली होती. ती पुन्हा सुरू झाली आणि कुणी हात केला तर गाडी आजही तिथे थांबते. पब मात्र उघडला नाही.

दुसरा पब वेव्हनीच्या वरच्या टोकाला गेल्डेस्टनचा ‘लॉक्स इन’. मूळचे एका पडक्या लॉकच्या रखवालदाराचे घर. कुरणातून जाणारी खडबडीत वाट, पावसाळी दिवसांत तीही पाण्याखाली. २०२० मध्ये तो विकायला निघाला, तेही कोरोनाने सगळे पब बंद असताना. गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर संस्था काढली, भाग विकायला काढले, आणि हजाराहून अधिक लोकांनी ते घेतले. त्यातले बरेचजण त्या गावचे नव्हतेही, कधीतरी बोटीने येऊन तिथे रात्र काढलेले होते. मार्च २०२१ मध्ये पब लोकांच्या मालकीचा झाला. भाडे मागणारा कारखाना नाही, कंपनी नाही. बाग साफ करायला, रंग द्यायला भागधारक स्वतः आले. नदी वाढली की वाट अजूनही बुडते, आणि तेव्हा पबाकडे जायचे तर गमबूट घालून.